लिंबाचा सहावा नंबर

मुलांनो, जरा एक फ्रीज डोळ्यांसमोर आणा. जुना, पांढरा, दार लावताना गुडघ्याने ढकलावा लागणारा. आतलं सोडा, आत फारसं काही नाही. दारावर बघा. तिथे एकाखाली एक अशी सहा चुंबकाची फळं चिकटवली आहेत. सगळ्यात वर अननस, मग कलिंगड, द्राक्षं, केळं, सफरचंद आणि पार तळाशी एकटंच पडल्यासारखं एक लिंबू.

आता समजा, तुमच्या वर्गात बाईंनी सांगितलं, की कोणाशेजारी बसायला आवडेल त्यांची नावं क्रमाने लिहून द्या. चिठ्ठ्या एकमेकांना दाखवायच्या नाहीत. मग बाई सगळ्यांच्या चिठ्ठ्या जुळवणार, आणि जो शेजारी मिळेल त्याच्याबरोबर तीन वर्षं काढायची. बदलून मागायचं नाही. अमेरिकेत डॉक्टरांचं असंच असतं. मुलांचा डॉक्टर झाल्यावर आणखी एखाद्या खास गोष्टीचा डॉक्टर व्हायचं असेल, तर बऱ्याच रुग्णालयांत मुलाखती द्यायच्या, मग आपण त्यांना नंबर द्यायचे आणि त्यांनी आपल्याला. जुळवायचं काम बाईंऐवजी संगणक करतो.

ओहायोतल्या डेटन गावी राहणाऱ्या डॉक्टर कोरा डनलेव्हीला मुलांच्या मूत्रपिंडांची डॉक्टर व्हायचं होतं. फ्रीजवरचं प्रत्येक फळ म्हणजे एक रुग्णालय. फळांची कल्पना तिच्या आठ वर्षांच्या मुलीची, हॅटीची. कारण रुग्णालयांची नावं लांबलचक होती आणि हॅटीला ती सगळी सारखीच वाटायची.

मुलाखती घरूनच झाल्या होत्या, संगणकावर. कोरा वर कोट आणि खाली पायजमा घालून बसायची, आणि हॅटी टेबलाखाली. शेवटी सगळे एकच विचारायचे, "तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?" आणि कोरा सगळ्यांना एकच विचारायची, "गेल्या काही वर्षांत तुमच्याकडे काय बदललं?"

"मॉम, तुला ते खरंच जाणून घ्यायचं असतं?" हॅटीने एकदा टेबलाखालून विचारलं.

"नाही."

"मग विचारतेस कशाला?"

"काहीच विचारलं नाही तर बरं दिसत नाही."

त्या टेबलाला तीन खुर्च्या होत्या. दोघींच्या दोन, आणि तिसरीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. घरी कोणी येतच नसे, त्यामुळे घड्या करायची घाई नव्हती. कोराच्या शिक्षणापायी हॅटीची ही तिसरी शाळा. शाळेत डबा खायला ती लांब टेबलाच्या टोकाला बसते, झाडू ठेवतात त्या बाजूला, हे तिने आईला सांगितलं होतं. तक्रार म्हणून नव्हे, आज पाऊस पडला असं सांगावं तसं. कोराने ते ऐकलं आणि त्या रात्री तिला झोप आली नाही. सकाळी तिने ठरवलं, आता मोठ्या शहरात जायचं, मोठ्या रुग्णालयात. तिथे खूप माणसं असतात, दोघींना कोणीतरी भेटेलच. म्हणून अननस पहिला. लिंबू म्हणजे उत्तरेकडचं छोटंसं गाव, एप्रिलपर्यंत बर्फ. आपल्याकडे खेळात सगळ्यात लहान पोराला लिंबूटिंबू म्हणून घेतात ना, तसं यादीत एक असावं म्हणून ते होतं.

तिच्याबरोबर शिकणारा डेझमंड मात्र नुसत्या यादीवर समाधानी नव्हता. त्याला हृदयाचा डॉक्टर व्हायचं होतं आणि सगळ्यांच्या सगळ्या बातम्या त्याच्याकडे असायच्या.

"अननसाला पत्र लिहिलंस का?"

"कसलं पत्र?"

"अगं, 'मी तुम्हाला पहिला नंबर देतेय' असं. पहिल्या नंबरवाल्याला कळवायचं असतं. सगळे कळवतात. फक्त एकालाच हं, तो शब्द असतो. दोघांना दिलास तर बोंब."

कोराने त्याच दिवशी पत्र लिहिलं. रात्रपाळी करून आली होती आणि डोळे मिटत होते, पण पत्र छान उतरलं. आता तिच्या संगणकात एक सोय होती. मुलाखतींनंतर आभाराची पत्रं पाठवायला तिनेच करून ठेवलेली. मजकूर एकदा लिहायचा, तो नाव बदलून सहाही ठिकाणी आपोआप जातो. पत्र गेलं आणि कोरा झोपली. ती घोरत असताना सहा रुग्णालयांत सहा प्रमुखांनी वाचलं, की डॉक्टर डनलेव्हींनी आपल्याला पहिला नंबर दिला आहे.

संध्याकाळी उत्तरं आली. कलिंगडाने लिहिलं, की आम्हाला भरून आलं. द्राक्षांनी घराचा पत्ता मागितला, आपल्या नावाची टोपी पाठवायला. केळ्याने, त्याच्या जवळपास चांगल्या शाळा कोणत्या, ते नकाशासह कळवलं. सफरचंदाने तिथले तिघे डॉक्टर मिळून हात हलवतानाचा फोटो धाडला. अननसाकडून दोन ओळी आल्या: तुमचा मेल मिळाला, आस्थेबद्दल आभार. त्या ओळी संगणकाने आपोआप लिहिल्या होत्या. लिंबाकडून काहीच आलं नाही.

कोराने डेझमंडला फोन लावला.

"सहा जणांना?" तो म्हणाला. "कोरा, अख्ख्या देशात मुलांच्या मूत्रपिंडांचे डॉक्टर असून असून किती? ते सगळे एकमेकांना ओळखतात. वर्षातून एकदा एकाच टेबलावर जेवतात."

"मग काय करू?"

"काही करू नकोस. गप्प बस."

गप्प बसायला कोराला जमलं असतं, तर ही गोष्टच झाली नसती. तिने दुसऱ्या दिवशी पाच जणांना माफीचं पत्र लिहायला घेतलं: चूक झाली, तुम्ही पहिले नाही आहात. हॅटी मागे उभी राहून वाचत होती.

"मग कितवे आहेत?"

"ते सांगायची गरज नसते."

"वर्गात कोणाला म्हटलं ना, तू माझी बेस्ट फ्रेंड नाहीस, तर ती लगेच विचारते, मग मी कितवी."

कोराला ते पटलं. दमलेल्या माणसाला काहीही पटतं. तिने प्रत्येकाला त्याचा खरा नंबर कळवून टाकला. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. लिंबाला लिहिताना तिचा हात थांबला, पण बाकीच्यांना खरं आणि त्यालाच खोटं, हे बरं दिसलं नसतं. 'डॉक्टर टॅकेट, तुम्ही सहावे आहात. तुमच्याशी बोलताना खूप बरं वाटलं होतं.'

आता नियम असा आहे, की आम्हाला कितवा नंबर दिला, हे रुग्णालयाने विचारायचं नाही. त्यामुळे उत्तरं फार जपून आली. "आम्हाला विचारायची परवानगी नाही, म्हणून आम्ही विचारत नाही," एव्हाना कलिंगडाशी बोललेल्या द्राक्षांनी लिहिलं, "पण कलिंगडात असं काय आहे, हे कोणी आपणहून सांगितलं तर आम्ही वाचू." केळ्याने कळवलं, की शाळांचा नकाशा नीट उघडला नसेल म्हणून पुन्हा पाठवतोय. सफरचंदाच्या नव्या फोटोत कोणी हात हलवत नव्हतं. टोपी मात्र आली. तिच्यावर त्यांच्या नावाखाली 'आमची' असं लिहिलेलं होतं. हॅटीने ती तिसऱ्या खुर्चीवरच्या कपड्यांच्या ढिगावर ठेवली, आणि ढीग एकदम माणसासारखा दिसायला लागला.

थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे तिकडे सगळे घरी जमून जेवतात त्या नोव्हेंबरातल्या सणाचा, आदला दिवस उजाडला. यादी पक्की करायची शेवटची मुदत त्याच रात्री नऊला होती. सगळी इमारत आपापल्या गावी निघाली होती, जिन्यात बॅगांचे आवाज चालले होते. डेझमंडही जॉर्जियाला आईकडे गेला होता. दोघींसाठी कोराने टर्कीचे दोन छोटे गोठवलेले पाय आणून ठेवले होते. पाय म्हणजे वर पोळीसारखं कवच असलेला, भट्टीत भाजायचा पदार्थ, उगाच दचकू नका.

दुपारी कोरा आंघोळीला गेली आणि तिचा फोन वाजला. हॅटी पावाला पीनट बटर लावत होती. तिने करंगळीने फोन घेतला आणि स्पीकर लावला.

"हा डॉक्टर डनलेव्हींचा फोन. त्या आंघोळ करतायत. कोण बोलतंय?"

"मी डॉक्टर टॅकेट," एक म्हातारा आवाज म्हणाला. "त्यांनी मला पत्र लिहिलं होतं."

"लिंबू?"

"काय म्हणालीस?"

"आमच्या फ्रीजवर तुम्ही लिंबू आहात."

"असेन. माझी बायकोही काहीसं असंच म्हणायची." ते खोकले. "तुझ्या आईला सांग, पत्राचं मनाला लावून घेऊ नका म्हणावं. आम्ही दरवर्षी तळालाच असतो. पण कळवलं कोणीच नव्हतं. आम्ही उगाच डिसेंबरातल्या निकालापर्यंत वाट बघायचो."

न्हाणीघराचं दार किलकिलं झालं. कोरा केसांतल्या साबणासकट उभी होती. पुढे येऊन फोन घ्यावा असं तिला वाटलं, आणि जमिनीत शिरावं असंही वाटलं. त्यामुळे ती जागेवरच राहिली.

"तुम्हाला तिला काही विचारायचंय?" हॅटीने मुलाखतीतल्या आवाजात विचारलं.

"मला तिला काही विचारता येत नाही, बाळा. नियम आहे."

"आणि मला? मला तुम्हाला विचारता येतं?"

त्यांनी नियम मनातल्या मनात चाळले. "तुझ्याबद्दल नियमांत काही लिहिलेलं नाही."

"गेल्या काही वर्षांत तुमच्याकडे काय बदललं?"

दारामागे कोराने डोळे मिटून घेतले.

"काही नाही," डॉक्टर टॅकेट म्हणाले. "कॉफीचं यंत्र बिघडलं. ते अजून तसंच आहे."

"तुम्ही डबा कोणाबरोबर खाता?"

हा प्रश्न त्यांना आजवर कुठल्याही उमेदवाराने विचारला नसावा.

"मुलांबरोबर. ज्यांची मूत्रपिंडं चालत नाहीत, ती आमच्याकडे येऊन यंत्राला जोडलेली बसतात. चार-चार तास बसायचं म्हणजे कंटाळा येतो ना. मग मी माझं सँडविच तिथेच नेतो. वेंडेल नावाचा एक मुलगा आहे, तुझ्याएवढाच असेल. पत्त्यांत मला हरवतो. लबाडी करतो."

"मग तुम्ही त्याला रागवत नाही?"

"कसा रागावणार? मीही करतो."

"तिथे आणखी कोणाला बसायचं असलं, तर जागा आहे?"

"खुर्ची आहे की. नव्या डॉक्टरसाठी ठेवलीय, पण तीन वर्षं कोणी आलंच नाही. रिकामी बघवत नाही, म्हणून मी तिच्यावर माझा कोट टाकतो."

हॅटीने चाटता चाटता सुरी बाजूला धरली आणि टेबलाच्या पलीकडे बघितलं.

"आमच्या खुर्चीवर कपडे असतात," ती म्हणाली. "आता टोपीपण आहे."

फोन ठेवल्यावर कोरा बाहेर आली. कोण होतं, हे तिने विचारलं नाही आणि हॅटीने सांगितलं नाही. साबण तिच्या मानेवर वाळत होता. तिला अननसाची मुलाखत आठवली. पडद्यावर पाच चौकटींत पाच जण होते, आणि त्यांतला एक सगळा वेळ दुसरंच काहीतरी टाइप करत होता. लिंबाची मुलाखत वेळ संपल्यावरही चालूच राहिली होती. सुईला घाबरून रडणाऱ्या मुलाला तू काय सांगतेस, असं टॅकेटनी विचारलं होतं आणि ती सांगतच सुटली होती. नंतर तिला वाटलं, ही काय मुलाखत झाली? म्हणून सहावा नंबर.

संध्याकाळी तिने वाकून लिंबू काढलं आणि अननसाच्या डोक्यावर चिकटवलं. तेवढ्यात डेझमंडचा फोन आला.

"यादी पक्की केलीस ना?"

"बदलतेय. लिंबू वर."

"लिंबू? कोरा, तू झोपलेली नाहीस. आणि अननसाला शब्द दिलायस त्याचं काय?"

"त्यांना आत्ताच लिहिलं, की तुम्ही आता दुसरे."

"अननसाला दुसरे? काय म्हणाले?"

"तुमचा मेल मिळाला, आस्थेबद्दल आभार."

डेझमंड म्हणाला, "बरं, बदललीस तर पक्कं करायचं बटण परत दाब. नाहीतर यादीच धरत नाहीत. मी फोनवर थांबतो." आणि तो खरोखरच थांबला. त्याच्या मागे त्याच्या घरच्यांचा गलका ऐकू येत होता. तो गलका कोराने बटण दाबून झाल्यावरही थोडा वेळ ऐकला.

"आता लिंबाला कळवायचं ना?" हॅटीने विचारलं.

"नाही. आता मी कोणालाच काही कळवणार नाही."

"मग ते वाटच बघणार नाहीत."

"बघत नसतील तर बरंच. नाही जुळलं तर?"

दुसऱ्या दिवशी दोघींनी पाय खाल्ले. कोराचा मधे कच्चा राहिला होता. टोपी समोर बसलेली होती.

डिसेंबरात निकालाचा दिवस आला तेव्हा हॅटी शाळेच्या कोटाची बटणं लावत होती. कोराने संगणकावर मेल उघडला, वाचला, आणि न बघता मागे बसली. ती तिसऱ्या खुर्चीवर बसली होती, कपड्यांवर. टोपी चेपली. तिने फ्रीजच्या दारावर सगळ्यात वर बोट दाखवलं.

हॅटी बटणं तशीच सोडून टेबलाशी आली. तिने आईचा फोन उचलला, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशीचा नंबर शोधला आणि लावला.

"डॉक्टर टॅकेट? मी हॅटी, फ्रीजवाली. तुमचा कोट उचला."

आणि तो उचलल्याचं तिकडून ऐकू येईपर्यंत ती फोन कानाला घट्ट लावून उभी राहिली.