तेराव्या महिन्यातला हेडफोन

एका जंगलात, मुलांनो, शांतता सोडून सगळं होतं. पहाटे मोर ओरडायचे. दुपारी पोपटांच्या सभा भरायच्या. रातकिडे तर दिवसासुद्धा वाजायचे, कारण त्यांना विचारणारं कोणी नव्हतं.

या सगळ्यांवर कडी म्हणजे अर्जुनाच्या झाडावरचा म्हातारा वानर. त्याला सगळे आबा म्हणत. वरून बिबट्या दिसला की आबा खोकल्यासारखा जोरात ओरडायचा. तो आवाज कानी पडला की खालचा चितळांचा कळप शेपट्या वर करून पळत सुटायचा. आबा दिवसातून चारदा ओरडला तर कळप चारदा पळायचा. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं. आबाला या कामाचा पगार नव्हता.

चितळं मात्र वैतागली होती. धड चरता येईना. रवंथ तर नेहमी अर्ध्यावर राहायचा.

अशात एका कोल्ह्याने जंगलात दुकान टाकलं. माल एकच, हेडफोन. कानांवर चढवायचा, बटण दाबायचं, की बाहेरचा गोंगाट बंद. शहरात तो फार महाग मिळतो म्हणे. इथे दोन टोपल्या मोहफुलांना एक. खरी किंमत पाच टोपल्या होती, पण उरलेल्या तीन टोपल्या एक दाता भरत होता. दात्याचं नाव दुकानाच्या पाटीवर अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं. दाता म्हणजे बिबट्या.

तुम्ही विचाराल, हे कोणालाच खटकलं नाही? खटकलं असतं. पण ते वाचायला खाली वाकावं लागत होतं, आणि वाकलं की रांगेतला नंबर जात होता.

चितळांची एक रीत होती. नवी वस्तू घेतली की त्याच दिवशी दुकानासमोरच्या मातीच्या फळ्यावर खूर उमटवायचे. पाच खूर म्हणजे उत्तम. हेडफोन डोक्यावर चढून घटका होत नाही, तोच प्रत्येकाने पाच-पाच खूर उमटवले. वर सांगितलंही, की टिकायला एक नंबर आहे. टिकाऊपणा घटकाभरात कसा समजला, हे कोणी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

पुढचं वर्ष बिबट्याला फार सुखाचं गेलं.

आबा ओरडायचा. घसा बसेपर्यंत ओरडायचा. खाली चितळं मान खाली घालून निवांत चरायची. आठवड्याला एखादं कमी व्हायचं. बाकीची म्हणायची, गेलं असेल नदीपलीकडे, तिकडे गवत कोवळं आहे. कोल्ह्याने नवी पाटी लावली, ‘वर्षभरात एकही तक्रार नाही’. मुलांनो, ही पाटी शंभर टक्के खरी होती. हेडफोन बिघडायच्या आधी मालकच संपत होता.

याच कळपात चांदणी नावाची एक चितळीण होती. ती कळपाच्या मधोमध चरायची. तिची मुलगी ठिपकी तिच्या पोटाशी असायची. कडेची चितळं आधी गेली, म्हणून या दोघी वाचल्या. यात शहाणपण काही नव्हतं.

म्हणून चांदणीचा हेडफोन जुना होऊ शकला. आधी त्याच्या गाद्यांची काळी सालं निघायला लागली. मग दांडीचा सांधा मोडला. तो तिने पळसाच्या मुळीच्या दोरीने बांधला. सकाळी उन्हात ठेवून बॅटरी भरली की ती दुपारपर्यंतही पुरेना. तेराव्या महिन्यात डावी बाजू मेली.

चांदणी दुकानात गेली. कोल्ह्याने हेडफोन उलटसुलट करून पाहिला.

“वॉरंटी परवा संपली, ताई.”

“मग दुरुस्त करून द्या. काय होईल ते देते.”

कोल्हा ओशाळल्यासारखा हसला. दुरुस्तीची सोय त्याने ठेवलीच नव्हती. गरजच पडली नव्हती. तेराव्या महिन्यात दुकानात आलेलं चांदणी हे पहिलंच गिऱ्हाईक होतं.

“बाकीच्यांचे इतके टिकले?” चांदणीने विचारलं.

“सगळे. बघा ना.”

त्याने मागच्या फळीकडे बोट केलं. तिथे हेडफोन ओळीने मांडले होते. लखलखीत. खाली लिहिलं होतं, ‘जवळजवळ नवे, एकाच मालकाने वापरलेले’. एकाच्या दांडीला पिवळी वेल गुंडाळलेली होती. ती चांदणीनेच गुंडाळून दिली होती.

“हा माझ्या बहिणीचा आहे.”

“असेल,” कोल्हा म्हणाला. “त्यांचा वापर फार कमी होता.”

चांदणीने आपला हेडफोन परत घेऊन डोक्यावर चढवला, तेवढ्यात मेलेल्या बाजूने तिच्या डाव्या कानात काहीतरी खोकलं. वर्षभरात तिने तो आवाज ऐकला नव्हता. डोक्याला काही समजायच्या आत पाय पळाले. ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि पुढच्या दाराने बिबट्या आत आला. तिने वळून पाहिलं, त्याच्या तोंडात तीन हेडफोन होते. नेहमीप्रमाणे जमा करायला आणलेले.

चांदणीने कळपाची बैठक बोलावली. सगळ्यांना कान मोकळे करायला लावले आणि जे पाहिलं ते सांगितलं. फळी, वेल, बिबट्या, तीन हेडफोन. बैठक हादरली. कळपाचे पुढारी शिंगाडे अण्णा उभे राहिले. रागाने त्यांची शिंगं थरथरत होती.

“तेरा महिन्यांत हेडफोन मोडतो म्हणजे काय? याचा जाब विचारलाच पाहिजे.”

“अण्णा, तो मोडला म्हणून मी जिवंत आहे.”

“ते तुझं वैयक्तिक झालं, चांदणी. इथे प्रश्न दर्जाचा आहे.”

दुसऱ्या दिवशी कळपाने दुकानावर मोर्चा नेला. कोल्ह्याने सगळ्या मागण्या मान्य केल्या. नव्या हेडफोनला पोलादी सांधा, तीन वर्षांची वॉरंटी, सालं न निघणाऱ्या गाद्या. जुना द्या, नवा फुकट न्या. खर्च सगळा दात्याचा. कळपाने विजयसभा घेतली. अण्णांना हार घातला. त्यांनी तो सभेतच खाल्ला.

ठिपकी रांगेत पहिली होती. चांदणीने तिला परोपरीने समजावलं. मावशीची आठवण करून दिली, शपथ घातली.

“आई, तुझं जुनं मॉडेल होतं,” ठिपकी म्हणाली. “हा नाही मोडत.” आणि बटण दाबलं. पुढचं बोलणं चांदणीने एकटीनेच केलं.

दुपारी ठिपकी सावलीत झोपली, तेव्हा चांदणीने तिच्या डोक्यावरून हेडफोन हळूच काढला आणि चावायला घेतला. सांधा खरंच पोलादी होता. या वेळी कोल्ह्याने फसवलं नव्हतं. ऊन कलेपर्यंत ती चावत राहिली. मागची एक दाढ गेली, दुसरी हलायला लागली. मग सांधा तुटला.

ठिपकीने जागी होऊन आकांत केला. दुकानात धावली. चावलेल्या मालाला वॉरंटी नाही, असं कोल्ह्याने सांगितलं. ठिपकीने फळ्यावर एकच खूर उमटवला आणि आठ दिवस आईशी बोलली नाही. कळपापासून, आईपासून, सगळ्यांपासून लांब, एकटीच मोकळ्या कानांनी चरत राहिली.

नवव्या दिवशी आबा ओरडला.

ठिपकीची शेपटी आपोआप वर झाली. ती उडालीच. मागे कळपाने मानही वर केली नाही. शिंगाडे अण्णा त्या दिवशी नेमके कडेला होते. त्यांचा नवा हेडफोन अजून चांगला आहे.

करवंदीच्या जाळीपलीकडे चांदणी पळत होती. ठिपकीने तिला गाठलं, मागे टाकलं आणि पुढे निघून गेली. तेव्हासुद्धा ती रुसलेलीच होती.

तात्पर्य: मुलांनो, कोणतीही वस्तू घेताना ती लवकर बिघडेल याची नीट खात्री करून घ्या. फार टिकाऊ वस्तूबद्दल आजवर एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केलेली नाही.