फडतरे साहेब आणि माझं गेट

फडतरे साहेबांसमोर ‘कधीच’ हा शब्द जपून वापरावा. आपण सहज बोलून जातो. ते चहाचा कप खाली ठेवतात आणि विचारतात, "कधीच?" मग आपला दिवस गेला.

कुरवंड्याच्या रस्त्याला माझा बंगला आहे. पुढचा भाग पर्यटकांना देतो, मागे आम्ही राहतो. कणसं भाजून विकत इथवर आलो, त्यामुळे माणूस ओळखायला मला वेळ लागत नाही. समोरच्या बैठ्या घरात एकटे राहणारे फडतरे मात्र लवकर कळले नाहीत.

त्यांचं काम असं: लिफ्ट, सरकती दारं चालवणारे प्रोग्रॅम चुकणार नाहीत, हे गणिताने सिद्ध करायचं. सिद्धता अडली की कॉम्प्युटर सांगतो, आधी हे झालं, मग ते झालं, तर घोटाळा होईल. कंपनीतले लोक ते वाचून म्हणतात, असं कुठे होतं का? म्हणून फडतरे त्याच क्रमाने चालणारी चाचणी लिहितात. ती चालवली की घोटाळा डोळ्यांसमोर होतो. "वाद नको, आबा. चालवून बघू," हे त्यांचं मला ऐकवायचं पालुपद.

घरीही तेच. त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्या, "माजं दूध कदीच उतू जात न्हाई." फडतऱ्यांनी मला मावशींना फोन लावायला सांगितलं आणि तेवढ्यात स्वतः मागचं दार वाजवलं. दूध उतू जाऊन शेगडीवर.

"आता शेगडी तुमीच पुसा," मावशी म्हणाल्या. फडतऱ्यांनी पुसली.

मग माझी पाळी आली. कान्हे गावच्या फिटरशी घासाघीस करून मी आपोआप सरकणारं गेट बसवलं. मध्ये कोणी असलं तर ते कधीच बंद होणार नाही, असं म्हणून गेलो. फडतऱ्यांनी फिटरकडून प्रोग्रॅम मागून घेतला.

"सिद्ध होत नाही, आबा. माणूस बघून गेट थांबलं, तेवढ्यात वीज गेली आणि जनरेटर लागला, तर मध्ये माणूस आहे हे ते विसरतं."

"नेमकं तेव्हाच कोण उभं राहतंय तिथं? तुमची गणितं तुमच्यापाशी ठेवा."

पुढे एक पार्टी लग्नासाठी बंगला बघायला आली. त्यांच्यादेखत फडतऱ्यांनी माझ्याच ओसरीवरचा टेकायचा लोड आणून गेटमध्ये उभा केला आणि मेन स्विच पाडला. जनरेटर लागला. गेटने लोड असा दाबला की शिवण उसवून कापूस बाहेर. पार्टी गेली ती गेलीच. तो राग अजून आहे. मी चारचौघांत काय काय बोललो ते लिहीत नाही. ते एवढंच म्हणाले, "आधी तोंडी सांगितलं होतं."

फिटरला फुकटात प्रोग्रॅम दुरुस्त करायला लावला. मग पुन्हा तीच चाचणी. मी मेन पाडला, जनरेटर लागला, आणि पुढे येऊन बघतो तर गेटमध्ये लोड नाही. फडतरे स्वतः उभे, डोळे मिटून. गेट हातभर अलीकडे थांबलेलं.

"डोकं फिरलंय का तुमचं? लोड होता ना?"

"या वेळी सिद्ध झालं होतं," ते ओशाळून म्हणाले. "तरी म्हटलं, आधी आपण उभं राहावं. तुमची नात नुकती चालायला लागलीय. सकाळी गेटमध्येच थांबते आणि मला हात करते. मी खिडकीतून करतो. बाकी त्या खिडकीकडे कोणी बघत नाही."

बुडालेल्या पार्टीची भरपाई आज मागायचीच, असं ठरवून आलो होतो. ते राहिलं. आत जाऊन नातीला उचलून आणलं आणि त्यांच्या कडेवर दिलं. ती त्यांचा चष्मा ओढायला लागली. त्यांनी ओढू दिला.