डाव्या चाकाचं माप

गुरुवारी संध्याकाळी मास्तरांनी बायकोला गाडी कशी वळवायची ते शिकवायचं ठरवलं, आणि शिकवता शिकवता गाडी स्वतःच बागेच्या फाटकाच्या दगडी खांबावर घातली.

"हे बघ, असं वळवायचं. घाबरायचं अजिबात नाही," ते सांगत होते. 'अजिबात'पर्यंत गाडी रस्त्यावर होती. 'नाही'ला डावं पुढचं चाक खांबाला भिडलं, काहीतरी कडाडलं आणि गाडी एका बाजूला बसली.

"बघितलं," बायको म्हणाली.

मास्तर हे शाळेतले मास्तर नव्हेत, शिवणकामाचे. चौकात त्यांचं छोटं दुकान होतं, आणि तीस वर्षांत आपल्या हातून एकही बाही उलटी बसली नाही हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती, म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणत.

सिस्टरची सोमवारी सकाळी दहा वाजता लायसन्सची परीक्षा होती, आणि ही काही साधी परीक्षा नव्हती. टेकडीवरच्या वस्तीत नवा दवाखाना निघाला होता आणि त्याची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली होती. वर बस जात नव्हती. पेशंटच्या घरोघरी जायचं, तर गाडी चालवता आलीच पाहिजे अशी ऑर्डरमध्येच अट होती. मंगळवारी लायसन्स दाखवून हजर व्हायचं, नाहीतर ती जागा दुसऱ्या नर्सला जाणार होती. ही दुसरी नर्स इंजेक्शन देताना पेशंटच्या आधी स्वतः डोळे मिटायची. सिस्टरने एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली होती. लायसन्सच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती, आणि तिसऱ्यांदा व्हायची तिची तयारी नव्हती.

शुक्रवारी सकाळी गाडी ढकलत ढकलत मिस्त्रींच्या गॅरेजवर नेली. मिस्त्रींनी वाकून पाहिलं आणि ते चुकचुकले.

"टाय रॉड गेला, खालचा आर्म वाकला, शॉकअब फुटला. आठ दिवस लागतील. आधीच्या पाच गाड्या आहेत माझ्याकडे."

"आठ दिवस? अहो, सोमवारी परीक्षा आहे हिची! भागांची नावं लिहून द्या, मी घरी बदलतो."

"मास्तर, हे स्टिअरिंग आहे. शर्टाची बाही नाही बदलायची."

हे मिस्त्री बोलले नसते तर बरं झालं असतं. मास्तर ताठ झाले.

"बाही बसवणं सोपं वाटतं का तुम्हाला? खांद्याला एक सूत फरक पडला तर माणूस जन्मभर हात वर करत नाही! बाहीपुढे तुमचं चाक म्हणजे काय? गोल तर आहे! द्या ते पाने इकडे."

मिस्त्रींनी पाने दिले आणि जॅकही दिला. सिस्टरने त्यांच्या आईला महिनाभर घरी येऊन इंजेक्शनं दिली होती, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना.

शनिवारी सकाळी मास्तरांनी अंगणात जुनी चादर अंथरली आणि ते कामाला लागले. त्यांची आई खुर्ची टाकून शेजारी बसली होती.

"तुझ्या वडिलांनीही एकदा भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय! अजून उघडंच आहे."

"आई, ते अंदाजाने काम करायचे. मी मापाने करतो."

आणि खरोखरच त्यांनी सगळं मापाने केलं. गाडी जॅकवर चढवून खाली भक्कम ठोकळे लावले. एकेक बोल्ट काढला की त्यावर खडूने खूण करायची, त्याला कापडाची चिंधी बांधायची आणि चिंधीवर 'पुढचा डावा, वरून दुसरा' असं लिहायचं. वाकलेला आर्म काढून नवा बसवला. धक्के झेलणारा शॉकअब दुकानातून स्प्रिंगसकट तयार मिळाला होता, तो तीन बोल्टांवर बसला. एकही नट उरला नाही की एकही कमी पडला नाही. मास्तर इतके रंगात आले की दुपारचं जेवण त्यांनी गाडीखालीच मागवलं.

शेवटी टाय रॉडची पाळी आली. स्टिअरिंग फिरवलं की चाकाला जो दांडा वळवतो, तो हा. आट्यांवर फिरवून तो लांब-आखूड करता येतो, म्हणजे नवा बसवताना किती लांब ठेवायचा हे ठरवावं लागतं. इथे दुसरा कोणी अडला असता, पण मास्तर अडले नाहीत. मापाचा प्रश्न आला की काय करायचं, हे त्यांना तीस वर्षं ठाऊक होतं. गिऱ्हाईक जुना शर्ट घेऊन येतं आणि म्हणतं, 'अगदी असाच शिवा.' नमुना टेबलावर पसरायचा, टेप लावायचा, वहीत आकडा लिहायचा. नमुना समोर असला की चूक होतच नाही.

त्यांनी जुना रॉड चादरीवर ठेवला. खांबाच्या धडकेने तो मध्येच पोक काढून बसला होता. मास्तरांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप सरळ ताणला, वहीत लिहिलं, 'रॉड, डावा: साडेतेरा इंच दोन सूत.' नवा रॉड अर्धा इंच जास्त भरला.

"नवीन माल नेहमी जरा मोठाच येतो," त्यांनी आईला समजावलं, आणि तो बरोबर मापात आणून कसून टाकला.

संध्याकाळी सिस्टर गाडीत बसली. गाडी सुरू झाली, चाकं फिरली, काही कडाडलं नाही. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ती परत आली आणि तिने काच खाली केली.

"अहो, स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी डावीकडे जातेय. उजवीकडे एवढं फिरवून धरलं, की मग सरळ जाते."

मास्तरांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. स्टिअरिंग घड्याळात दोन वाजल्यासारखं तिरकं होतं.

"पण जाते ना सरळ?"

"जाते."

"मग झालं तर! आपल्याला रस्ता सरळ पाहिजे की स्टिअरिंग? नवीन कपडाही पहिले दोन दिवस अंगाला टोचतो. सवय कर."

सिस्टरने सवय केली. दुसरा इलाजच नव्हता. शनिवारी अंधार पडेपर्यंत आणि रविवारी दिवसभर ती बंद पडलेल्या गिरणीच्या मैदानावर गाडी घेऊन फिरली. आठचा आकडा काढला, उलटी गाडी घेतली, चढावर थांबवून पुन्हा उचलली. नेहमीची भीती उडूनच गेली, कारण त्या तिरक्या गाडीला आवरता आवरता घाबरायला वेळच मिळेना. रविवारी संध्याकाळी तिने विटांच्या दोन रांगांमधून गाडी उलटी काढली आणि एकाही विटेला धक्का लागू दिला नाही. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मनातल्या मनात त्यातल्या निम्म्या स्वतःला घेतल्या.

इथे थांबायचं सोडून मास्तर सोमवारी सकाळी सात वाजता गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेले. कशाला, तर मिरवायला. मोजून दोन गल्ल्यांचं अंतर, पण तेवढ्यात ते दोनदा फुटपाथवर चढून उतरले.

मिस्त्रींनी गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि खाली वाकून बघितलं.

"काम झकास केलंय, मास्तर. बोल्ट असे कसलेत की माझा माणूसही कसणार नाही. पण रॉडचं माप कशावरून घेतलंत?"

"जुन्या रॉडवरून. अगदी सुतासकट."

"जो धडकेत वाकला, त्याच्यावरून?"

मास्तर वहीची पानं चाळायला लागले.

"म्हणजे पाय मोडून वाकडा झालेल्या माणसाचं माप घेऊन पँट शिवलीत तुम्ही," मिस्त्री म्हणाले, आणि दोन पाने घेऊन गाडीखाली शिरले. दहा मिनिटांत त्यांनी रॉड फिरवून जागेवर आणला. स्टिअरिंग सरळ, गाडी सरळ. लोण्यासारखी चालायला लागली.

घरी येताना मास्तरांनी विचार केला. बायकोला सांगायचं, तर आधी चुकलं होतं हेही सांगावं लागणार. आणि सरळ झालेली गाडी कोणाला नको असते? तिला आपोआप कळेल आणि आनंद होईल. त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. परीक्षेच्या मैदानापर्यंतही "आज तू दमू नकोस" म्हणत त्यांनी स्वतःच गाडी नेली.

मैदानावर परीक्षेआधी एक चक्कर मारायची मुभा होती. सिस्टर मोठ्या आत्मविश्वासाने बसली, स्टिअरिंग सवयीप्रमाणे दोन वाजल्यासारखं तिरकं धरलं आणि गाडी सोडली. गाडी निमूटपणे उजवीकडे गेली आणि तिने तीन शंकू आडवे केले. सिस्टरने गाडी डावीकडे खेचली, तर चौथा गेला. तिने ब्रेक मारला.

"अहो, इकडे या."

गोळ्या न घेता गादीखाली लपवणाऱ्या पेशंटशी ती याच आवाजात बोलायची. मास्तर गेले.

"काय केलंत गाडीला?"

"काही नाही. म्हणजे, सकाळी मिस्त्रींनी जरा..."

"जरा काय?"

"दुरुस्त केली."

 सिस्टरचे डोळे भरून आले.

"दोन दिवस मी या हातांना एकच गोष्ट शिकवलीय. आता हे हात माझं ऐकतील का? पाऊण तासात? उद्या मी दवाखान्यात काय सांगू? नवऱ्याने गाडी दुरुस्त केली, म्हणून माझी जागा गेली?"

मास्तरांना स्वतःची मनापासून लाज वाटली. खांबावर गाडी घातली तेव्हा वाटली नव्हती, मिस्त्रींनी पँटवरून टोला मारला तेव्हाही नाही, पण आता वाटली. एकोणीस वर्षांनी बायकोला मिळालेली गोष्ट आपल्या फुशारकीपायी जाणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

"तुझ्या आधी किती जण आहेत?"

"तिघं."

"बस्स झालं!" मास्तरांनी बाह्या दुमडल्या. "मिस्त्रींनी काय केलं ते मला ठाऊक नाही, पण मी काय केलं होतं ते लिहिलेलं आहे."

त्यांनी खिशातून मापाची वही काढली, डिकीतून मिस्त्रींचे पाने काढले, चाक पूर्ण एका बाजूला वळवून घेतलं आणि ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात गाडीखाली शिरले. रांगेतले एक लठ्ठ गृहस्थ कुतूहलाने जवळ आले.

"काय दुरुस्त करताय?"

"दुरुस्त नाही, बिघडवतोय," खालून आवाज आला. "जरा ते टेपचं टोक धरा. सैल नको, ताणून धरा!"

गृहस्थांनी टेप ताणून धरला. मास्तरांनी रॉड फिरवला, मोजला, पुन्हा फिरवला. साडेतेरा इंच. मग दोन सूत. नट कसला आणि ते बाहेर आले, तेव्हा शर्ट काळा आणि चेहरा तेजस्वी झाला होता.

"बस," ते म्हणाले. "तुझी गाडी तुला परत."

परीक्षा घेणारे साहेब शेजारी बसले. सिस्टरने स्टिअरिंग दोन वाजल्यासारखं धरलं आणि ती निघाली. आठचा आकडा असा निघाला की रांगेतले लोक बोलायचे थांबले. चढावर गाडी बोटभरही मागे आली नाही. उलटी घेताना साहेबांनीच श्वास रोखला होता, तिने नाही.

"तुमचं स्टिअरिंग तिरकं दिसतंय," साहेब मध्येच म्हणाले.

"माझी धरायची पद्धत आहे," सिस्टर म्हणाली आणि गाडी दोन शंकूंच्या मधोमध उभी केली.

साहेब खाली उतरले, त्यांनी टेबलापाशी जाऊन कागदावर सही केली, शिक्का मारला आणि ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "याला म्हणतात ताबा! दोनदा नापास झालेल्या या बाई. शिका जरा." कागद सिस्टरच्या पर्समध्ये गेला आणि पर्सची चेन लागली.

गाडी अजून मैदानाच्या मध्येच होती आणि पुढचा नंबर लठ्ठ गृहस्थांचा होता. साहेब खुशीत होते.

"थांबा, तुम्ही नका त्रास घेऊ. मीच बाजूला लावतो," असं म्हणून ते सिस्टरच्या गाडीत बसले.

"साहेब, जरा—" मास्तर म्हणाले, पण दार लागलं होतं.

साहेबांनी बावीस वर्षांच्या अनुभवाने स्टिअरिंग अगदी सरळ धरलं. गाडी डावीकडे गेली. तीन शंकू, मग पाटी, मग पाणी मारायचं पिंप, असं एकेक आडवं करत ती वाळूच्या ढिगात शिरून थांबली. मैदानावर कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांची परीक्षा बाकी होती.

सिस्टर धावली. तिने दार उघडलं आणि साहेबांचा दंड धरून त्यांना हळूच बाहेर काढलं. चक्कर आलेल्या माणसाला ती अशीच बाकावर बसवायची, तसंच त्यांनाही बसवलं.

"लागलं नाही ना कुठे? मोठा श्वास घ्या. आता पाणी प्या."

साहेब पाणी प्यायले. कान लाल झाले होते. इकडेतिकडे बघून ते हळू आवाजात म्हणाले, "ही गाडी तुम्ही कशी चालवता हो?"

मास्तर गाडीतली किल्ली काढून घेऊन पुढे सरसावले. बाह्या दुमडलेल्याच होत्या.

"सोपं आहे, साहेब! नुसता सवयीचा प्रश्न आहे. दोन दिवस माझ्याबरोबर चला, मी शिकवतो तुम्हाला."

"यांच्याबरोबर नका जाऊ," सिस्टर म्हणाली आणि तिने मास्तरांच्या हातातून किल्ली काढून घेतली. "यांना येत नाही. उद्यापासून संध्याकाळी सहानंतर मी मोकळी असते. गिरणीच्या मैदानावर या."

साहेबांनी खिशातून डायरी काढली आणि सहाची वेळ लिहून घेतली.