बापाचे फक्त कान उरले

आईच्या सत्तरीला नऊ दिवस उरले होते आणि शायलोबेक आपल्या बापाला म्हातारा करत बसला होता.

म्हणजे संगणकावर. तो त्याचा धंदाच होता. कोचकोर या आमच्या किर्गिझ गावच्या बाजारात, खाटकांच्या रांगेसमोर त्याचा फोटो स्टुडिओ. आमच्याकडे माणसं फोटो काढायला कमी आणि करून घ्यायला जास्त जातात. एखादी म्हातारी येते, रुमालाच्या गाठीतून नवऱ्याचा ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो काढते आणि म्हणते, "बाळा, ह्यांना माझ्या शेजारी बसव." शायलोबेक बसवतो. त्यासाठी त्याच्या संगणकात एक कपाट आहे. त्यात चौदा कोट, नऊ कलपाक टोप्या, सहा दाढ्या आणि एक डबाभर पदकं. आमच्या अर्ध्या तालुक्याचे दिवंगत पुरुष एकाच राखाडी कोटात भिंतीवर टांगलेले आहेत, आणि आजवर एकाचीही तक्रार आलेली नाही.

आता पाळी आली होती त्याच्या स्वतःच्या घरावर. त्याची आई बातमा आपा कधी काही मागत नसे. सत्तरीच्या जेवणाला मात्र तिने एकच गोष्ट मागितली होती. "तुझ्या बापाचा नि माझा फोटो हवा. जगाच्या म्हाताऱ्यांना नवऱ्यांशेजारी बसवलंस, मी तेवढी राहिले."

हे ऐकून शायलोबेकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं स्टुडिओ चालवला आणि आईला हे मागावं लागलं. बायको गुलबारचिनने त्यात भर घातली. "आपला नि पोरांचा तरी एकत्र फोटो कुठे आहे हो? सगळ्या फोटोत तुमची सावली तेवढी असते, तीसुद्धा तुम्ही मागाहून पुसता."

बाप ताशबोलोत ट्रक चालवायचा. दोलोनच्या घाटात बर्फावर ट्रक घसरला तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता आणि शायलोबेक तीन. त्याचा एकच फोटो मागे राहिला, गॅरेजच्या पासवरचा. तो आईने पेटीतून काढून दिला, शायलोबेकने यंत्रातून त्याची नक्कल घेतली आणि मूळ फोटो त्याच दिवशी परत पेटीत गेला.

अडचण एकच होती. एकोणतीस वर्षांचा बाप सत्तर वर्षांच्या आईशेजारी बसवला तर तो नातू दिसत होता. धंद्याचा नियम असा की जोडप्याची वयं जुळवायची. बाईची दहा-पंधरा वर्षं कमी करायची आणि पुरुषाला लागतील तेवढी चढवायची. आईचं सोपं गेलं. गालावरचा चामखीळ काढला, डोळ्यांखालच्या पिशव्या काढल्या, गळा ताणला. तासाभरात बातमा आपा पंचावन्नची झाली.

बापावर मात्र हात अडला. म्हातारा ताशबोलोत कुणी पाहिलेलाच नव्हता. मग शायलोबेक कपाटाकडे वळला. तिथे इमानकुल आबा सापडले. ते नदीपलीकडचे विधुर, घोड्यांचे जुने वैद्य, मागच्या वर्षी पासपोर्टसाठी फोटो काढून गेले होते. सुरकुत्या अगदी ऐटबाज. शायलोबेकने त्यांची दाढी घेतली. दाढीला गाल जुळेनात, म्हणून गाल घेतले. गालांना पापण्या जुळेनात. पापण्यांबरोबर नाक आलं. कपाळ तेवढं बापाचं ठेवलं होतं, पण डाव्या भुवईवर कागदाला घडी पडल्यासारखी एक तिरकी रेघ होती. ती त्याने सवयीने एका टिचकीसरशी पुसली, मग कपाळ फारच गुळगुळीत दिसू लागलं, म्हणून तेही इमानकुल आबांचंच लावलं. शेवटी बापाचे कान तेवढे उरले, आणि त्यांच्यावरही कलपाक आला.

शायलोबेक खूश झाला. खुर्ची मागे सरकवून त्याने चित्राकडे पाहिलं आणि त्याचे डोळेसुद्धा भरून आले. बाप म्हातारा झाला असता तर असाच दिसला असता, अशी त्याची खात्री पटली. ते त्याने मोठ्या आकारात छापलं, सोनेरी चौकट घातली आणि शनिवारी सकाळी काचेत लावलं. आईला सत्तरीच्या दिवशीच दाखवायचं होतं, पण तोवर चार लोकांनी पाहावं एवढीच त्याची हौस.

शनिवार म्हणजे जनावरांच्या बाजाराचा दिवस. सगळा तालुका त्या काचेपुढून गेला.

मंगळवारी दुपारी बातमा आपाच्या दारात इमानकुल आबांची थोरली सून झूरा उभी राहिली. बरोबर धाकटी सून. एकीच्या हातात बोरसोकच्या तळलेल्या वड्यांची परात, दुसरीच्या हातात मेंढीची उकडलेली तंगडी. शायलोबेक जेवायला घरी आला होता. त्याला वाटलं, बायका सत्तरीच्या शुभेच्छा द्यायला लवकर आल्या. बातमा आपालाही तसंच वाटलं.

"आपा, आम्हाला फार आनंद झाला," झूरा टेकत म्हणाली. "घरात कुणी बोललं नाही म्हणून काय झालं, आम्हाला डोळे आहेत."

"तुम्ही आठवण ठेवलीत, यातच सगळं आलं," बातमा आपा म्हणाली. "या वयात माणसाला दुसरं काय हवं असतं?"

"हेच मी ह्यांना म्हटलं. या वयात सोबत हवी."

"हवीच गं. बस, चहा घे."

झूराने रुमालातून चांदीची कर्णफुलं काढली. "ही आबांच्या आईची. घाला ना, आमच्यासमोरच घाला."

आता आमच्याकडे कानात कर्णफुलं घातली की मुलगी दिली, बोलणं संपलं. पण सत्तर वर्षांच्या बाईला हे कुठून सुचणार? बातमा आपा लाजली, नको नको म्हणाली आणि मग घातली. धाकट्या सुनेने डोळे पुसले. झूराने लगेच पुढचं काढलं.

"आबांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. चहात दूध आधी, नाहीतर पेला परत पाठवतात. दूरदर्शनचा आवाज कमी केलेला चालत नाही. बाकी माणूस सोन्यासारखा आहे हो. सतरा वर्षं सांभाळलं आम्ही, आता तुमचा हक्क."

बातमा आपाने शायलोबेककडे पाहिलं. शायलोबेकने गुलबारचिनकडे पाहिलं. गुलबारचिन हळूच म्हणाली, "अहो, काचेत काय लावलंय तुम्ही नेमकं?"

शायलोबेकने हातातला घास खाली ठेवला. तो उठतो न उठतो तोच अंगणात खोकल्याचा आवाज आला. इमानकुल आबा स्वतः आले होते. नवा कोरा कलपाक, दाढी विंचरलेली, बूट चकचकीत. ते दारातच थांबले आणि खाली बघत म्हणाले, "बातमा, मला आधी विचारलं असतंस तर बरं झालं असतं. पण नाही विचारलंस तरी माझी काही हरकत नाही."

"कशाला विचारायचं?"

"आपल्या फोटोचं."

बातमा आपाने कर्णफुलाला हात लावला. मग मुलाकडे वळून म्हणाली, "शायलोबेक, जा. जे काय केलंस ते घेऊन ये."

तो स्टुडिओपर्यंत पळत गेला आणि चौकट काखोटीला मारून पळत आला. भिंतीला टेकवून त्याने ती उभी केली. बातमा आपाने चष्मा लावला आणि बराच वेळ पाहिलं.

"ही बाई कोण?"

"आई, तू."

"आणि इमानकुल इथे काय करतोय?"

शायलोबेकने सगळं सांगितलं. दाढी, गाल, पापण्या, नाक. सांगताना त्याचं त्यालाच ऐकवेना. झूराने तंगडीकडे पाहिलं, ती परत न्यायची की ठेवायची हे तिला ठरवता येईना. इमानकुल आबांनी कलपाक काढून गुडघ्यावर ठेवला. कलपाक नसताना ते फार थकलेले दिसत होते.

"म्हणजे यात मी नाही," ते म्हणाले.

"तुम्हीच आहात, आबा," शायलोबेक रडकुंडीला येऊन म्हणाला. "तुम्हीच आहात, हाच तर घोटाळा आहे. माफ करा मला."

"असू दे. तीन दिवस बरे गेले." आबा उठले. झूरा कर्णफुलांकडे बघत चुळबुळ करू लागली तेव्हा त्यांनी तिला हातानेच थांबवलं. "सत्तरीची भेट आहे ती. दिलेलं परत नेतात काय? चल."

माणसं गेली. गुलबारचिन पेले उचलण्याच्या निमित्ताने आत गेली. बातमा आपाने पेटी उघडली, पासवरचा तो नखाएवढा फोटो काढला आणि मोठ्या चित्राशेजारी धरला.

"त्याची खूण कुठे आहे रे?"

"कसली खूण?"

"ही. भुवईवरची."

"ती कागदाची घडी आहे, आई. मी साफ केली."

"घडी कसली आलीय." बातमा आपाचा आवाज चढला नाही, पण शायलोबेक खाली बसला. "तू अडीच वर्षांचा होतास. सूप ढवळायचा डाव फेकून मारलास त्याला. रक्ताची धार लागली. मी किंचाळले आणि तो हसत बसला. दुसऱ्या दिवशी गॅरेजात सगळ्यांना दाखवत फिरला, बघा म्हणे, पोराचा हात किती चांगला आहे. पासचा फोटो काढायचा होता तेव्हा फोटोवाला म्हणाला, पट्टी लावू का, दिसणार नाही. तर हा म्हणाला, दिसू दे."

शायलोबेकने तो फोटो हातात घेतला. आठवडाभर हा चेहरा त्याच्या पडद्यावर भिंतीएवढा मोठा होता. त्याने त्याची हनुवटी मापली होती, कानांची उंची मापली होती, आणि एकदाही नुसतं पाहिलं नव्हतं. बापाच्या आणि त्याच्या भेटीची एकच काय ती खूण जगात उरली होती, ती त्याने टिचकीसरशी पुसली होती. त्याला फार वाईट वाटलं.

"तुझी वयं जुळवायची पद्धत मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "पण तो म्हातारा झाला नाही, बाळा. मी झाले. जसं आहे तसं बसव."

सत्तरीच्या दिवशी भिंतीवर नवा फोटो होता. एकोणतीस वर्षांचा ताशबोलोत, गॅरेजच्या सदऱ्यात, भुवईवर तिरकी रेघ. शेजारी चामखिळासकट, पिशव्यांसकट बातमा आपा. गुलबारचिनने त्याच्याखाली सगळ्यांना उभं केलं, शायलोबेकलाही ओढून आणलं आणि झूराच्या हातात कॅमेरा दिला. झूराने निम्म्या लोकांची डोकी कापली. शायलोबेकने ती नीट करायचं नाव काढलं नाही.

पंगतीत बिश्केकहून आलेल्या एक दूरच्या पाहुण्या बाई बातमा आपाशेजारी बसल्या होत्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "मुलगा देखणा आहे हो तुमचा. काय करतो?"

"ट्रक चालवतो," बातमा आपा म्हणाली. तिच्या कानातली कर्णफुलं हलली.

"आणि हे?" पाहुण्यांनी चहा घेऊन आलेल्या, कानशिलं पांढरी झालेल्या शायलोबेककडे बोट केलं.

"हा त्याचा मुलगा."

पाहुण्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा शायलोबेककडे पाहिलं, आणि म्हातारीच्या ताटात कनवाळूपणे मटणाचा एक मऊ तुकडा वाढला. शायलोबेकने त्यांची चूक दुरुस्त केली नाही. पेला त्यांच्यापुढे ठेवला, म्हणाला, "हो, मी त्याचाच," आणि आईसाठी चहा ओतायला वळला.