निंबाजीमामांनी काठी धरली त्याची हकीकत

श्री समर्थ. डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहिले, पदरचे घातले नाही. शके १९४६, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, आदितवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी विमान तळ्यापलीकडे अर्धा कोस असता चित्र गेले. विमान तुळाजी शेलूकर यांचे, आठ महिने खपून हाते बांधलेले, राज्यात दुसरे नाही. तुळाजी मैदानात खुर्चीवर बसून, डोळ्यांस चष्मा चढवून, विमानाच्या नेत्रास, म्हणजे कॅमेऱ्यास, दिसे ते पाहत आणि त्यावरून विमान हाकीत. ते चित्र वाऱ्यावरून अँटेनात येई, तीस राज्यात काठी म्हणत. आणि काठी धरण्याचा मान राज्याचे धनी जे सरकार, त्यांचे मामा निंबाजीराव यांचा, कारण मैदान त्यांचे. मामांचे घराणे भालाइतांचे. सबब त्यांनी काठी भाल्यासारखी पेलली आणि टोक नेमके विमानावर रोखले. काठीचा गुण असा की तिची कूस विमानाकडे असावी, टोकास काही दिसत नाही. मग चष्म्यात चित्र जाऊन नुसत्या मुंग्या.

तुळाजींनी अर्ज केला, "मामा, काठी उभी धरा. मला काही दिसेना."

मामा म्हणाले, "चष्मा काढ, दिसेल."

"टोक दाखवू नका हो, कूस दाखवा."

"समोर लक्ष्य असता कूस दाखवावी? आमच्यात कोणी दाखविली नाही."

मग तुळाजींनी विमान अंदाजाने जागीच घिरट्या घालीत ठेविले आणि बॅटरी नऊ मिनिटांची उरली असे कळविले. काठी दुसऱ्याने घ्यावी तर मामा रुसावे, मामा रुसले तर मैदान जावे, ऐसा पेच पडला. सरकारांनी बहुत विचार केला आणि पानाचा डबा उघडून नम्रतेने म्हणाले, "मामा, विडा घ्यावा." विडा दोन्ही हातांनी घ्यावा हा रिवाज. सबब मामांनी काठी जमिनीत उभी रोविली, आणि त्याच क्षणी चित्र लख्ख आले. तळे दिसले, बांध दिसला, आणि तुळाजींनी विमान माघारी वळविले. मग मामांनी विडा गालात सारला, काठी उपटली, टोक रोखले, चित्र गेले. सरकारांनी दुसरा विडा पुढे केला. मग तिसरा. दर विड्यास विमान थोडके अलीकडे येई. मामा तोंड भरल्याने बोलेनात, परंतु आपल्या नेमामुळेच विमान येत आहे ऐसे हातवाऱ्याने सांगत, आणि सरकार मान डोलवीत.

तात्पर्य, मान राखिला, विमान निम्म्याहून अधिक अलीकडे आले, राज्यातील पाने सरत आली. नऊ वाजून सतरा मिनिटांचे वर्तमान असे: विमान तळ्याच्या मध्यावर, खाली पाणी, बॅटरी दोन मिनिटांची, डब्यात विडा एक. तो सरकारांनी पुढे केला आहे. मामा मान हलवून नको म्हणत आहेत.