सोफा त्याचा, बेड तिचा

घटस्फोटाच्या वाटणीत तिनं बेड मागितला आणि नवऱ्यानं सोफा. दोघंही एका झटक्यात "चालेल" म्हणाले. अकरा वर्षांच्या संसारात इतक्या पटकन एकमत कधी झालंच नव्हतं, त्यामुळे वकिलाला गहिवरून आलं आणि विचार बदलायच्या आत त्यानं सह्या उरकून घेतल्या.

टेम्पो आला, तिच्या वाट्याचं बाकीचं सामान चढलं, हमाल पुन्हा हॉलमध्ये आले, तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. हॉलमध्ये सोफा-कम-बेड होता. एकच.

"हा माझा सोफा," नवरा त्यावर बसकण मारून म्हणाला.

"हा माझा बेड. ऊठ."

"बेड आतल्या खोलीत आहे की!"

"तो पलंग तुझ्या आईंचा. त्यांनी लेकाला दिलाय, सुनेला नाही. माझ्या नव्या खोलीत नुसती फरशी आहे. मी काय कपाटात झोपू?"

"मग मी काय उभ्यानं टीव्ही बघू?"

तसं दोघांचंही खोटं नव्हतं. दिवसभर तो त्यावर लोळायचा आणि रात्री त्याच्या घोरण्यापासून जीव वाचवायला ती तिथे झोपायची. वकिलाला फोन गेला. वकील म्हणजे नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र. तो धापा टाकत आला.

"सोप्पं आहे, वहिनी..."

"वहिनी म्हणू नका आता."

"निकाल लागेपर्यंत तरी म्हणतो. हे बघा, दिवसा याचा, रात्री तुमचा."

"म्हणजे रोज संध्याकाळी इथून तिकडे बेडची वरात काढायची का?"

"उघडल्यावर बेड दिसतो," म्हणत तिनं पुढून बैठक ओढली. "मिटल्यावर सोफा दिसतो," म्हणत नवऱ्यानं मागून रेटली. भांडण मिटवायला वकील फाइल घेऊन मधोमध बसला. "आता माझं वजन आहे. बघू कोण हलवतो ते!"

आत कुठेतरी खाडकन आवाज झाला. वकिलाची चादरीसारखी घडी पडली. वर दोन बूट आणि एक फाइल तेवढी उरली.

"अरे, काढा मला! पक्षकार आहात की कोण!"

"खटका अडकला," ती म्हणाली. "लाथ मार."

"तू आधी उचल."

"उचललंय."

"डावीकडून गं!"

त्यानं मागे जाऊन नेमक्या जागी लाथ घातली, त्याच क्षणी तिनं हिसका दिला आणि वकील घरंगळत हमालांच्या पायाशी आला.

"हात चांगलाच बसलाय की दोघांचा," एक हमाल कौतुकानं म्हणाला.

बसणारच. तो खटका एकट्याला कधी दाद देत नसे. गेले सहा महिने दोघांत अबोला होता, पण रोज रात्री नवरा मुकाट्यानं बाहेर येई, सोफ्याला लाथ घाली आणि आत निघून जाई. ती लाथ एकदाही चुकली नव्हती. हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"तिकडे लाथ कोण मारणार?" तिनं विचारलं.

"शेजाऱ्यांना सांग."

"काय सांगू? काका, झोपायच्या आधी एक लाथ घालून जा?"

नवऱ्यानं डोकं खाजवलं. "मी येत जाईन. मारली की लगेच निघेन."

"आणि सकाळी मिटायला? तेव्हाही दोघं लागतात."

"मग परत हेलपाटा कशाला? तिथेच कोपऱ्यात पडेन."

"घोरशील."

"कुशीवर झोपेन."

"कुशीवरही घोरतोस. पण आवाज जरा कमी असतो." ती वकिलाकडे वळली. "तेवढं एक कलम घाला हो कागदात."

वकील कोटात अडकलेली स्प्रिंग उपटत होता. "हे कलम नाही घालता येत, वहिनी," तो म्हणाला. "याला लग्न म्हणतात."

दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो चारचौघांत काही अचकटविचकट बोलला होता. मग ती खिडकीशी गेली आणि खाली वाकून टेम्पोवाल्याला म्हणाली,

"दादा, फ्रिज परत वर आणा. आणि जपून हं, तो माझा आहे."