गरम पाण्याचा मान

माणूस आपोआप मोठा होतो. त्याला लहान मात्र कुणीतरी ठेवावं लागतं. हे जिकिरीचं काम नाशकातल्या आमच्या विद्यार्थी वसतिगृहाने वर्षानुवर्षं विनावेतन केलं. मी तिथे कारकून होतो, म्हणून अधिकाराने सांगतो.

व्यवस्था साधी. पहाटे नव्या पोरांनी बंब पेटवायचा, तापलेल्या पाण्याच्या बादल्या सिनियरांच्या न्हाणीत वाहायच्या, त्यांचे बनियन धुवायचे आणि शेवटी स्वतः हौदातल्या पाण्याने उरकायचं. डिसेंबरातही. (नाशकची थंडी प्रकृतीला उत्तम, असं सिनियरांचं ठाम मत होतं, ते गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर बनत असे.) नियम शंभर टक्के मुलांना मान्य होता. ज्यांना नव्हता, ती वसतिगृहात उरली नाहीत.

ज्येष्ठता इयत्तेवर नव्हे, मुक्कामावर धरत. त्यामुळे दहावीत तीनदा नापास झालेला खंडेराव सर्वांत ज्येष्ठ. पहिल्या झटक्यात पास होणारे बिचारे मान मिळण्याआधीच बाहेर पडत. नापासाला बढती देण्याची ही सोय पुढे मोठेपणी कचेऱ्यांतही मिळते, पण आमच्याकडे ती कोवळ्या वयातच होती.

एकोणऐंशी साली कळवणकडचा देवराम आठवीत आला. त्याच्या गावची शाळा सातवीपर्यंत. घरात हायस्कूल पाहिलेला तो पहिलाच. डोकं तल्लख, पण वळण नाही. एका सकाळी अंगात ताप होता म्हणून पठ्ठ्याने बंबातलं तांब्याभर गरम पाणी स्वतःच्या अंगावर ओतून घेतलं. खंडेरावाच्या आधी! अहो, जनाची नाही तर मनाची? खंडेरावाने त्याला ओल्या अंगाने गच्चीवर उभं केलं आणि "मी ज्युनियर आहे" असं घसा बसेपर्यंत म्हणायला लावलं. बाकीची पोरं हसली. हसणं सक्तीचं होतं. काहींनी ते मनापासून केलं, हेही नमूद करतो. देवरामची छाती कफाने भरली.

निरोप मिळताच त्याचा बाप यादव आला. हात जोडून रेक्टरांना म्हणाला, "सायेब, पोऱ्याले ताप शे. दोन दिन गरम पानी भेटी का?"

रेक्टर कळवळले. "यादवराव, पाण्याचं काय हो, आत्ता देतो. पण त्याला दिलं तर उद्या सगळेच मागतील. आमच्या वेळी आम्ही बर्फ फोडून अंघोळ करायचो." (नाशकात बर्फ पडल्याची नोंद सापडत नाही.)

"मंग मना पोऱ्या शिकी कसा?"

"अहो, हेच तर शिक्षण!"

यादवने पोराची वळकटी उचलली. थंड पाण्यानेच अंघोळ करतो, पण मला इथे राहू द्या, असं देवराम एसटीत बसेपर्यंत बापाला विनवत होता. शाळा सुटली ती सुटलीच. आता तो पिंपळगावला टेम्पोत कांद्याच्या गोण्या चढवतो. कष्टाची सवय त्याला आमच्या वसतिगृहाने लावली, याचं श्रेय कुणी देत नाही. मेली कृतघ्न दुनिया!

हा प्रसंग मी चारचौघांत सांगतो तेव्हा लोक संतापतात. "शी! कुठलं हो हे वसतिगृह?" कुणीतरी जाऊन जाब विचारेल या आशेने मी पत्ता सांगतो. ते तो नीट लिहून घेतात आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, आठवीला जागा आहे का, आमचा जरा फारच लाडावलाय.

तुमचा कितवीत आहे?